ओढ्यापलीकडचं दार

“पैशाचा प्रश्न मिटलाय असं समजा,” पाटणे बाई म्हणाल्या. “मग तुम्ही कुठं जाऊन राहाल? एकेकानं सांगायचं. आणि ‘आहे इथंच बरं आहे’ असलं उत्तर चालणार नाही.”

बाई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, त्यामुळं प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागायचं. हातात रविवारची पुरवणी होती, त्यात असलाच काहीतरी लेख होता. दोन हजार सोळाचा मे महिना. साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या बागेत, सकाळी फिरून झाल्यावर आम्ही तिघं रोजच्या बाकावर बसलो होतो. बाई, मी आणि हेंद्रे अण्णा.

बाईंनी स्वतःचं आधी सांगितलं. काश्मीर, वर्षभर हाऊसबोट, आणि स्वयंपाकाला बाई.

“तुम्ही, शेडगे?”

“मी बत्तीस वर्षं एसटी चालवली, बाई. मला कुठंही न्या. फक्त खिडकीची सीट द्या आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या.”

बाई हसल्या. अण्णा हसले नाहीत. ते बुटांकडं बघत म्हणाले, “शिरघोल.”

“हे कुठं आलं?”

“धरणात. चौसष्ट साली बुडालं.”

“अहो, पैसे देऊन जाता येतं असलं गाव सांगा.”

“यंदा येईल जाता. पाणी पार तळाला गेलंय. पेपरात फोटो आलाय, देवळाची दीपमाळ उघडी पडलीय.” अण्णांनी बुटावरची धूळ झटकली. “परवाच वृषालीचा फोन आला होता. बाबा, पंचाहत्तरावं लागतंय, जग बघा, कुठंही जा, पैशाचं बघू नका म्हणाली. मी तिला हेच सांगितलं. तिला चेष्टा वाटली.”

वृषाली त्यांची मुलगी, कॅनडात असायची. अण्णांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. कारकुनीतनं चढत चढत मोठ्या हुद्द्यावर रिटायर झालेला, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस. बाई उठून गेल्यावर ते मला म्हणाले, “हणमंतराव, तुमची ओम्नी चालू आहे का?”

दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो. घाट लागला. मग काचेतनं बाहेर बघतच अण्णांनी सांगायला सुरुवात केली.

“मी बावीस वर्षांचा होतो. धरणाच्या ऑफिसात नवाच कारकून. शिरघोलात शाळेच्या खोलीत सहा महिने मुक्काम होता. कुणाकडं किती माणसं, किती जनावरं, याद्या करायच्या. आणि गाव हललं की घरोघर बघून, गाव रिकामं झालं म्हणून सही करायची. ओढ्यापलीकडं एकटंच घर होतं, धनगराच्या बाईचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिला बोलता येत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. गाव तिला मुकी म्हणायचं. रोज सकाळी मी तांब्या घेऊन तिच्याकडं दुधाला जायचो. ती कधी पैसे घ्यायची नाही.”

“ऐकू येत नव्हतं, तर हाक कशी मारायचा?”

“उंबऱ्याशी उभं राहून एकदा पाय आपटायचा. तिला जमिनीतनं कळायचं. मग ती आतनं दोनदा आपटायची. म्हणजे आले.” अण्णांनी गाडीच्या पत्र्यावर टाच टेकवून दाखवलं. “गाव हललं तेव्हा ती हिरडा गोळा करायला रानात गेली होती. दवंडी तर तिला कळणारच नव्हती. सगळे म्हणाले, ती गेली दिराच्या माणसांबरोबर. मी ओढा ओलांडून बघायला हवं होतं. ओढ्याला पाणी चढत होतं, जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी गेलो नाही. सही केली.”

“आणि?”

“त्याच रात्री वरच्या डोंगराचा कडा सुटला. ओढ्यानं सगळा चिखल खाली आणला, मागनं धरणाचं पाणी. गाव रिकामं होतं म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली.”

“पण ती गेली असेल की दिराकडं.”

“असेल,” अण्णा म्हणाले. “मी कधी विचारायला गेलो नाही. पुढच्याच वर्षी विदर्भात बदली मागून घेतली.”

धरणाच्या काठाला डोंगरावर चार-पाच घरांची वस्ती आहे. ज्यांनी लांबच्या पुनर्वसनाच्या जमिनी घेतल्या नाहीत, ती माणसं वर सरकून तिथंच राहिली. गाडी तिथं लावली. भिकू भोई म्हणून एक मासेमारी करणारा जाळं विणत बसला होता. त्यानं वाट दाखवली.

“देवळापर्यंत जावा. माती वाळलीय, पाय रुतायचा नाही. ओढ्यापलीकडं मात्र नका जाऊ.”

“का रे?”

“आम्ही पण तिकडं जाळं टाकत नाही. मासा नसला तरी जाळ्याला हिसका बसतो.” त्यानं मान वर न करताच सांगितलं. “बाप सांगायचा, नको म्हणून. आम्ही नाही टाकत.”

खाली उतरलो. अकरा वाजून गेले होते. मैल-दीड मैल नुसती भेगाळलेली करडी माती, झाड नाही, पाखरू नाही. त्या मातीतनं भिंती गुडघाभर वर आलेल्या. अण्णा पंचाहत्तरीला आलेले, पण असे चालत होते की मला गाठता येईना. हे तलाठ्याचं, हा पार, ही शाळा, हे माझं अंथरूण इथं असायचं. मी मागनं हो हो करत होतो. मला दुसरंच काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. एकाही घराला दार नव्हतं. चौकटसुद्धा नव्हती.

“लोकांनी काढून नेली,” अण्णा म्हणाले. “दारं, वासे, तुळया, जे लाकूड निघालं ते. नव्या जागी घर बांधायला. मी स्वतः बैलगाड्या मोजल्यात.”

ओढा कोरडा होता. अण्णा न थांबता उतरले, मी त्यांच्या मागनं. पलीकडच्या चढाला ते घर होतं. काळ्या दगडाच्या भिंती जवळजवळ माणूसभर उभ्या, छप्पर गेलेलं. आणि समोर दार.

सागवानी, काळंभोर, बंद. बाहेरची कडी मोकळीच लोंबत होती.

आम्ही दोघंही थोड्या अंतरावर उभे राहिलो. वारा नव्हता. मागं वळून बघितलं तर मातीवर आमच्याच दोघांच्या पावलांची रांग आलेली दिसत होती, दुसरी कसलीच खूण नाही. शेळीचीसुद्धा नाही.

“दार नेलं नाही,” अण्णा म्हणाले.

“जुनं असेल. राहू दे म्हटलं असेल.”

“आतनं लावलंय, हणमंतराव.”

“पाण्यानं लोटलं असेल.” मी पुढं होऊन दाराला खांदा लावला. भिंतीला लावल्यासारखा. फळ्यांमधल्या फटीतनं बघितलं तर पलीकडं चिखल वाळून घट्ट झालेला, खालपासून वरपर्यंत. बोट शिरायला जागा नव्हती. मला बरं वाटलं. “हे बघा, आत नुसती माती भरलीय. कोण असणार आहे इथं? चला आता.”

अण्णांनी बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात नीट घडी करून ठेवले. “चपला काढा,” मला म्हणाले. “चपलेतनं कळत नाही.”

त्यांच्या समाधानासाठी मी काढल्या. माती तव्यासारखी तापली होती. अण्णा उंबऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी उजवी टाच एकदा आपटली. म्हाताऱ्या माणसाची टाच, आवाज तो किती होणार.

बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला गाडीचं दुखणं कानाच्या आधी तळपायाला समजतं. गिअरबॉक्स कुरकुरायच्या आधी मला पायात कळायचं. म्हणून सांगतो, आवाज अजिबात आला नाही. पण माझ्या टाचांखाली जमीन दबल्यासारखी झाली आणि परत वर आली. मग पुन्हा एकदा. दाराच्या बाजूनं. जवळनं. दोनदा.

अण्णांनी माझ्याकडं वळून बघितलं. त्यांचा चेहरा लहान पोराला कुणीतरी हाक मारल्यावर व्हावा तसा झाला होता. “कळलं?”

“काय?”

“पायाला. कळलं ना तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी परत पाय आपटला. या वेळी जोरात, तोल जाईल इतका. आणि परत आलं. दोनदा. आधीपेक्षा घाईघाईनं.

“आत्ता?”

“नाही हो अण्णा. काही नाही.”

ते कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग खाली बसले, बूट घातले, नाड्या बांधल्या. “म्हणजे मला भास झाला.”

“उन्हानं होतं तसं. चला. पाणी प्या.”

मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना ओढा उतरवला. मागं बघितलं नाही. चपला तिथंच राहिल्या, हे मला गाडीपाशी आल्यावर समजलं. तरी मी आणायला गेलो नाही.

मी खोटं का बोललो, ते सांगता येईल. मला तिथनं निघायचं होतं. हो म्हटलं असतं तर अण्णांनी नखांनी माती उकरायला घेतली असती आणि मला त्यांच्याबरोबर तिथं बसावं लागलं असतं. एवढंच. दुसरं मोठं कारण काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर अण्णा झोपले. साताऱ्यात उतरताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, “हणमंतराव, तुम्ही बरोबर होता म्हणून बरं झालं. एकटा असतो तर त्यावर विश्वास ठेवला असता.” पंधरा दिवसांत ते मुलीकडं कॅनडाला गेले. जाताना चेहरा हलका वाटला. पाटणे बाई म्हणाल्या, अण्णांचं वय दहा वर्षांनी कमी झालंय. जूनच्या मध्याला पाऊस लागला, ऑगस्टात धरण भरल्याची बातमी आली. मी ती वाचली आणि पेपर रद्दीत टाकला.

नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला. तिथं पहाट असावी. अण्णांचा आवाज इतका जवळनं येत होता की बागेतच बसलेत असं वाटलं.

“हणमंता,” ते म्हणाले. ‘राव’ न लावता त्यांनी मला आधी कधीच हाक मारली नव्हती. “मी तुला त्या दिवशी सगळं सांगितलं नाही.”

“काय राहिलं?”

“मी ओढ्याच्या अलीकडं उभा होतो. तिच्या छपरातनं धूर येत होता.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ती रानातनं परत आली होती. चूल पेटवली होती. मला दिसत होतं. मी स्वतःला म्हटलं, धुकं आहे. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. बावन्न वर्षं मी त्याला धुकंच म्हणत आलो.” त्यांनी खाकरून घसा साफ केला. “तिथं जायचं होतं ते एवढ्यासाठीच. म्हटलं, पाय आपटून बघू. उत्तर आलं तर कबूल करू. नाही आलं तर सुटलो. मला आलं असं वाटलं. पण तू म्हणालास, नाही. मी सुटलो. सुटून इथं आलो.”

“मग आता काय झालं, अण्णा?”

“इथं सगळीकडं गालिचा आहे. पाऊल वाजत नाही. पण मी पाय खाली ठेवत नाही, हणमंता. खुर्चीवर मांडी घालून बसतो, जेवतो पण तसाच. वृषालीला वाटतं, थंडीनं. तिनं मला डॉक्टरकडं नेलं.”

“काय कळतं तुम्हाला पायाला?”

“ते मी सांगणार नाही. तू सांग. त्या दिवशी तुला काय कळलं होतं?”

स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. मी खुर्चीवर बसलो होतो आणि माझे दोन्ही पाय फरशीवर होते. मी ते वर घेतले.

“दोनदा, अण्णा,” मी म्हणालो. “तुम्ही आपटलं की दोनदा. दोन्ही खेपेला.”

मग ते म्हणाले, “तिकीट काढतो,” आणि फोन ठेवला.

ते आले. साताऱ्यात दोन रात्री राहिले, तहसील कचेरीत आपल्या हातानं लिहिलेला अर्ज दिला, धुरासकट. तिथल्या माणसांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की पन्नास फूट पाणी आहे, उतरल्याशिवाय कुणी काही करू शकणार नाही. तेव्हा अण्णांनी वरच्या वस्तीवर भिकूच्या शेजारची एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथं राहायला लागले. मुलगी येऊन रडली, भांडली, परत गेली.

मी महिन्यातनं एकदा औषधं आणि पेपर घेऊन जायचो. ते दाराशी खुर्ची टाकून पाण्याकडं तोंड करून बसलेले असायचे. सतराला पाऊस चांगला झाला. अठरालाही धरण काठोकाठ भरलं. सगळा तालुका देवाला पाऊस मागत होता आणि हा एक माणूस मनातनं दुष्काळ मागत बसला होता. वस्तीला ते कळलं होतं. भिकूच्या बायकोनं एकदा मला आडबाजूला घेऊन सांगितलं, “दादा, म्हाताऱ्याला घेऊन जावा. अशा माणसानं वाट बघितली की पाऊस खरंच जातो.” अठराचा परतीचा पाऊस आला नाही. एकोणीसच्या मे अखेरीला मला भिकूचा फोन आला. दीपमाळ दिसायला लागली होती.

नंतर काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो. हाडं तपासणीला गेली, दोन महिन्यांनी परत मिळाली, अण्णांनी काठावर अग्नी दिला. त्यांचे जबाब झाले. इतक्या जुन्या प्रकरणात करण्यासारखं काही नाही म्हणून फाईल मिटली. पुढच्या जानेवारीत अण्णा त्याच खोलीत गेले, झोपेत. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले होते, भिकूनं मला सांगितलं.

पण त्या दिवशीचं राहिलं.

भिकू आणि चौघं जण कुदळी घेऊन आले होते. बरोबर हवालदार आणि गावचे ग्रामसेवक. बिजागऱ्या तोडून दार आडवं केलं, तर आतला चिखल तसाच उभा राहिला, भिंतीसारखा. त्याच्यावर फळ्यांचे उभे ठसे उमटले होते, आतल्या अडसराचासुद्धा. अडसर जागेवर होता. भिकूनं कुदळ न मारता हातानं खरवडायला घेतलं. फार आत जावं लागलं नाही. ती घराच्या कोपऱ्यात नव्हती, चुलीशी नव्हती. ती दाराला लागूनच होती. तळपाय उंबऱ्याला टेकलेले.

भिकूनं डोक्याचा टॉवेल काढला. मी जाणूनबुजून बूट घालून आलो होतो.

हवालदारानं दगडावर पॅड ठेवून पंचनामा लिहायला घेतला. तरुण होता. “मयताचं नाव?”

वस्तीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भिकू म्हणाला, “मुकीच म्हणायचे तिला.”

“सगुणा बाळू कोकरे,” अण्णा म्हणाले. “यादीत एकाहत्तरावं नाव.”

“मृत्यूची अंदाजे तारीख?”

“बावीस जून एकोणीसशे चौसष्ट.”

हवालदारानं मान वर केली, अण्णांकडं नीट बघितलं आणि लिहिलं. “तुमचं मयताशी नातं काय, आजोबा?”

“सहा महिने तिनं मला दूध घातलं.”

“तसं लिहिता येत नाही. नात्यातले का?”

“नाही. मग लिहा, घर रिकामं आहे असं लिहून देणारा.”

हवालदाराचं पेन थांबलं. तो माझ्याकडं वळला. पंच म्हणून माझी सही लागणार होती.

“आणि तुम्ही कोण?”

“मी त्यांच्यानंतरचा,” मी म्हणालो. “मीही तेच सांगितलं होतं.”